नागपूरचे डॉक्टर परत येईपर्यंत

दंडावरचा तो डाग आधी आत्याला दिसला. मी न्हाणीतून ओले केस पंच्याने पुसत बाहेर आले होते आणि ती ओसरीवर सुपात लाल मिरच्या घेऊन देठं खुडत बसली होती. "काय व विमल, कोणाच्या हातचा मार खाऊन आली?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मी हात वळवून पाहिलं. कोपराच्या वर, आतल्या बाजूला, पिकलं जांभूळ चिरडावं तसा डाग होता. कुठं आपटल्याचं आठवत नव्हतं. "खाटेचा कोपरा लागला," मी म्हटलं. नन्सच्या शाळेत वाढलेली मुलगी होते मी. आपल्या अंगाबद्दल मोठ्याने बोलायचं नसतं, हे तिथं कुणी न शिकवताही शिकायला मिळत असे. दुसऱ्या दिवसापासून मी लांब बाह्यांचं पोलकं घालू लागले, आणि पोटऱ्यांवर मुंग्या चावल्यासारखे बारीक लाल ठिपके उठले तेव्हा पातळ घोट्यांपर्यंत ओढून घेऊ लागले. ते ठिपके खाजत नसत. बोटानं दाबले तरी पुसट होत नसत. सकाळी राखुंडीनं दात घासताना थुंकीत रक्त येई, त्यावर मी पटकन तांब्यातलं पाणी ओतून मोकळी होई.

आता माझ्या हातांवर असे डाग कायमचेच असतात. म्हातारपणाची कातडी पातळ, शिवाय हृदयासाठी रोज रक्त पातळ करणारी एक गोळी, त्यामुळे नातवानं हात धरला तरी निळं पडतं. सून घाबरते. मी तिला सांगते, याची भीती मी एकदा पुरेपूर भोगून घेतली आहे, आता शिल्लक नाही.

आमचं घर पुसदला जिनिंगच्या रस्त्यावर होतं. बाबांची कापसाची अडत होती. हंगाम सुरू झाला की पहाटेपासून गाड्यांची रांग लागे, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, गाडीवानांच्या शिव्या, मग जिनिंगचा भोंगा, आणि दिवसभर घरातल्या प्रत्येक वस्तूवर रुईचा बारीक केस. दुधावर, देवांवर, आत्याच्या भुवयांवर. मी लहानपणीच नागपूरला मामांकडे शिकायला गेले होते आणि तिथून शाळेच्या हॉस्टेलात. घरी यायची ती सुट्टीपुरती. त्या वर्षी इंटरची परीक्षा झाली, आणि पुढं शिकवायचं की लग्न उरकायचं हे ठरेपर्यंत मला घरी आणून ठेवलं होतं. बाबांना इंग्रजीचा एक शब्द येत नसे, पण माझ्या इंग्रजीचा त्यांना फार अभिमान. कुणी व्यापारी आला की ते मला हाक मारत आणि त्याच्या घड्याळावर किंवा औषधाच्या डब्यावर जे काही लिहिलेलं असेल ते वाचायला लावत. मी मान खाली घालून वाचे. "पाहा," बाबा म्हणत, जणू ते घड्याळ मीच बनवलं होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी विधवा बहीण. घर तिच्या हातात होतं, आणि ती मला कधी 'मॅडम' म्हणे, कधी 'पुस्तकबाई'. आई दोघांच्या मधे असे आणि कमी बोले. लोक म्हणत मी तिच्यावर गेले.

डाग लपले, पण पुढच्या महिन्यात मी बाहेर बसले तेव्हा लपवण्यासारखं राहिलं नाही. तीन दिवसांत उठायचं ते मी आठवडा झाला तरी उठले नाही. मागच्या अंगणात स्वतःचे कपडे धुताना डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी दगडावरच बसले. आई धावत आली. मला शिवायचं नव्हतं, तरी तिनं मला उचललं. पोलक्याची बाही वर सरकली आणि तिनं सगळा हात पाहिला. तिनं बाही खाली ओढली, पुन्हा वर केली, जणू दुसऱ्यांदा पाहिल्यावर काही वेगळं दिसेल. "कवापासून हाय हे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झाले काही दिवस." "अन् सांगतलं काहून नाही?"

गावातले डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांनी माझ्या कानाच्या पाळीला सुई टोचली आणि टीपकागदाच्या कडेनं रक्ताचा थेंब टिपत राहिले. एक ठिपका, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. कागदाची एक ओळ भरली, दुसरी सुरू झाली, तरी थेंब येतच होता. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून ठेवला. सोडला तेव्हा खालच्या हातावर लाल ठिपक्यांची पखरण झाली होती. ते आईला म्हणाले, "घरात काही औषध चालू आहे का हिला? कुणा वैद्याचं, हकिमाचं?" आई म्हणाली, "नाही जी. औषध कायचं? कवाच काही नाही." त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि नागपूरला ट्रंक कॉल लावला.

टेलिफोनची ओळ खराब होती, म्हणून ते ओरडून बोलत होते, आणि इंग्रजीत. त्यांना वाटलं असेल की बाहेर दोन बायका बसल्या आहेत, त्यांना काय कळणार. मी कुठं शिकले हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा त्या घाईत ते विसरले असावेत. मला सगळं ऐकू येत होतं. वय. डाग. हिरड्या. आणि मग तो शब्द, जो पलीकडच्या माणसाला कळेना म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा, अक्षरं तोडून सांगितला. ल्युकेमिया. ल्यु-के-मिया. मला तो माहीत होता. हॉस्टेलात आमच्या वरच्या वर्गातली एक गोरी, तपकिरी केसांची मुलगी दसऱ्याच्या सुट्टीत घरी गेली आणि आलीच नाही. सिस्टरनी प्रार्थनेच्या वेळी तिचं नाव घेतलं आणि नंतर कुणीतरी कुजबुजत हा शब्द सांगितला. तिच्याही हातांवर डाग होते. तिची पलंगावरची गादी गुंडाळलेली मी पाहिली होती.

"काय म्हणून राह्यले डाक्टर?" आईनं विचारलं.

"नागपूरचे मोठे डॉक्टर परदेशी गेलेत. दिवाळीनंतर येणार. तोवर थांबायचं."

हे खरंच होतं. डॉक्टर फोनवर तेही बोलले होते. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बस इतकंच? इतका येळ बोलले ते."

"ओळ खराब होती, आई."

असं ते थांबणं सुरू झालं. पुसदच्या डॉक्टरांनी बाबांना एवढंच सांगितलं की रक्ताचा काही विकार असू शकतो, नागपूरचे तपासल्याशिवाय नाव घेणार नाहीत, आणि तोवर पोरीला धक्का लागू देऊ नका, पळू देऊ नका, विळी-सुरी हातात देऊ नका, ताकदीचं खायला घाला. नाव घराला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एकाच ताटातून जेवणाऱ्या माणसांत आपल्याला एकटीला काही ठाऊक असणं, हे आजारापेक्षा जड होतं. भाकर थापण्याचा आवाज यायचा, सुमन, माझी धाकटी बहीण, पाढे म्हणत झोपाळ्यावर बसलेली असायची, आणि मी खांबाला टेकून प्रत्येकाकडे पाहत असायचे की मी नसले तर यांचं काय काय तसंच राहील. जवळजवळ सगळंच तसंच राहणार होतं. हेच फार लागायचं.

आत्यानं घराचा बंदोबस्त केला. तिनं उखळाच्या कडेला, दाराच्या कोयंड्याला, खाटेच्या चारी कोपऱ्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. घर बाळंतिणीच्या खोलीसारखं दिसू लागलं. सुमन एकदा मागून येऊन गळ्यात पडली तर आत्यानं तिला अशी चापट मारली की ती तासभर रडत बसली. "काचेची हाय का ताई?" सुमननं हुंदके देत विचारलं. "हाव, काचेची हाय," आत्या म्हणाली, "अन् तू गोटा हायस."

ताकदीचं म्हणजे डॉक्टरांनी कलेजी सांगितली होती. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात मटण शिजत नसे. मधल्या भिंतीपलीकडे रहीम मिस्त्रींचं घर होतं. जिनिंगचं इंजिन तेच सांभाळत. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणत असू. आईनं भिंतीवरून तिच्याशी काही बोलणं केलं, आणि रोज दुपारी मी मागच्या दारानं चाचीच्या चुलीपाशी जाऊन बसू लागले. ती तव्यावर काळं मीठ आणि मिरे घालून कलेजीचे तुकडे परतायची. मला त्या वासानं मळमळे. "नाक दबा, आंख मूंद, अन् गटक जा," चाची म्हणायची. "दवा समझ के खा, बेटी. देख, कितनी पिल्ली पड गयी. तेरे कू तो हवा बी उडा ले जायेंगी." मी खाऊन घरी परतले की आत्या मोरीपाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असे. "चूळ भर," ती दुसरीकडं पाहत म्हणे, "मी काही इचारत नाही. मले काही वासही येत नाही." मग थोड्या वेळानं, "खाल्लं का पोटभर?"

कलेजी खाऊन, खजूर खाऊन, लोखंडी कढईतली पालेभाजी खाऊनही डाग वाढत होते. काही दिवस उतार पडल्यासारखं वाटे. जुने डाग पिवळे होत, हिरवट होत, विरत जात, नवे येत नसत, आई माझा हात उन्हात धरून पाही आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होई. आणि मग पुन्हा एका सकाळी नाकातून रक्त आणि पायांवर लाल पखरण. त्यात अकोल्याहून एका स्थळाचा निरोप आला. मुलगा वकिली शिकत होता, त्यांना शिकलेली मुलगी हवी होती, दिवाळीच्या आसपास पाहायला येतो म्हणाले. आत्याचं म्हणणं, येऊ द्यावं. लांब बाह्या आहेतच. "नागपूरवाल्यानं एकदा काही नाव ठेवलं तं हिले कोण करन? अन् हिच्यामागं सुमन हाय. घरात रक्ताचा रोग हाय म्हणतील लोक, घरात." बाबा जेवत होते. त्यांनी हात थांबवला. "बाई," ते आत्याला म्हणाले, "तराजूत ओला कापूस घालून मी कोणाले फसवलं नाही आजवर. पोरगी काय ओला कापूस हाय? नागपूरले दाखवल्याबिगर कोणी येणार नाही या घरात." आत्या रात्रीसाठी भिजवलेले हरभरे उगाच चिवडत राहिली. मला त्या दिवशी बाबांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि लगेच त्यांना तो शब्द सांगून टाकावासा वाटला. दोन्ही केलं नाही.

आई वेगळ्याच मार्गानं लढत होती. आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी पोरांना ओळीनं बसवून कोयनेल पाजायचं, ही तिची रीत. जुनी, इतकी जुनी की शनिवारच्या न्हाण्यासारखी, मारुतीच्या तेलासारखी ती आठवड्यात बसून गेली होती. आमच्या भागात पैनगंगेकडच्या जंगलापासून गावापर्यंत हिवतापानं कधीकाळी घरंच्या घरं निजवली होती. पुढं फवारणीवाले आले, भिंतींवर औषध मारून दारावर आकडे लिहून गेले, ताप ओसरला, पण आईची बाटली ओसरली नाही. घोट घशाखाली गेला की ती हातावर गुळाचा खडा ठेवी. कडूपणा इतका असे की गूळही आधी कडूच लागे. आता तिनं माझ्यापुरता बुधवारचाही घोट सुरू केला. "अशक्त अंगाले थंडीताप लवकर धरते," ती म्हणाली. "डाक्टर येईपर्यंत तो तरी नको लागाले." मी मुकाट्यानं पीत होते. तिच्यासाठी एवढं तरी करता येत होतं.

एकदा ती माझ्या केसांना तेल लावताना, अगदी हलक्या हातानं, कारण डोक्यावरही डाग पडतील अशी तिला भीती, म्हणाली, "विमल, तुले काही ठावं हाय. त्या दिवशी फोनावर तुनं काहीतरी आयकलं." मी मागं वळले नाही. "आई, मला कुठं डॉक्टरी येते," मी म्हटलं. तिनं वेणी पूर्ण घातली, शेवटचं पेड बांधलं, आणि उठून गेली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. पण ती माझ्या खाटेजवळ चटई टाकून निजू लागली.

दिवाळीत आमच्याकडे फटाके उडाले नाहीत. करंज्या झाल्या, पण आत्यानं त्या मऊ तळल्या, माझ्या हिरड्यांना कुरकुरीत लागू नये म्हणून. भाऊबीज झाल्यावर मामांचा निरोप आला की डॉक्टर परतले आहेत, घेऊन या. मोटारीत बाबांनी खिडकीजवळ बसवलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना घडी केलेल्या गोधड्या लावल्या, रस्त्याचे गचके बसू नयेत म्हणून. यवतमाळला गाडी थांबली तेव्हा आईच्या मांडीवर माझ्या नाकातलं रक्त टिपलेला पदर होता, आणि तो तिनं असा मुडपून ठेवला होता की बाबांना दिसू नये.

नागपूरचे ते डॉक्टर मद्रासकडचे होते. सडपातळ, काळेसावळे, चष्म्याच्या वरून पाहणारे. त्यांना मराठी येत नव्हती, आणि हिंदीही 'बैठो', 'डरो मत' एवढंच. स्त्रियांच्या तपासणीच्या खोलीत पुरुषांना येऊ देत नसत, म्हणून बाबा बाहेर राहिले आणि आत आई, मी आणि एक नर्स. सकाळी माझं रक्त काढून नेलं होतं. दुपारी बोलावलं तेव्हा टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. नर्सनं फडकं उचललं तेव्हा मला दिसलं, जाड, आखूड सुई. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले की छातीच्या हाडातला थोडा मगज काढून पाहावा लागेल, म्हणजे नक्की कळेल. मी विचारलं, "ल्युकेमिया आहे का ते कळेल?" त्यांनी चष्मा काढला. "हा शब्द तुला कुणी सांगितला?" "मी ऐकला." "तुझ्या आईला माहीत आहे?" "नाही." त्यांनी आईकडं पाहिलं. मग म्हणाले, "आधी काही विचारतो. काही औषध घेतेस?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सांग त्याले, काही औषध नाही." मी म्हटलं, "नो, डॉक्टर." आम्ही दोघींनी खरं तेच सांगितलं होतं.

हॉस्टेलात असताना असं होत होतं का? नाही. सुट्टीत घरी आल्यावर? मी आठवून म्हटलं, हो, थोडं थोडं, पण घरात सगळे म्हणत माझं अंग नाजूक. डाग रोज येतात? नाही. कधी? इथं माझ्या गप्प राहण्याचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला. जे बोलत नाहीत ते मोजत बसतात. "रविवारी," मी म्हटलं. "आणि आता गुरुवारीही." त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. "मग शनिवारी काय करतेस, सकाळपासून सांग. काय खातेस, काय पितेस." मला ते वेडेपणाचं वाटलं. समोर ताटात सुई आणि हे शनिवारचं जेवण विचारतात. मी सांगत गेले. न्हाणं. डोक्याला तेल. उपास, म्हणून शेंगदाणे आणि साबुदाणा. संध्याकाळी गुळाचा खडा.

"गूळ कशाला?"

"तोंड कडू होतं म्हणून, डॉक्टर."

"कशानं?"

"क्विनीननं."

हे म्हणताना मला ते ऐकू आलं. बोलणाऱ्या माझ्या तोंडातून बाहेर आलेलं, परक्या भाषेत, औषधाच्या नावानं. मराठीत ते कोयनेल होतं, शनिवारचं होतं, आईचं होतं. इंग्रजीत ते औषध होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी किती, कधीपासून, बुधवारचं कधी सुरू झालं, सगळं विचारलं. सकाळच्या तपासणीचा कागद पुन्हा पाहिला. मग ते सावकाश, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं बोलले. रक्त गोठवणारे बारीक कण माझ्या रक्तात फार थोडे उरले होते, बाकी रक्त निरोगी दिसत होतं. काही थोड्या माणसांच्या शरीराला क्विनीन चालत नाही. ते पोटात गेलं की त्यांचं स्वतःचंच रक्त हे कण मोडून टाकतं. बहिणीला चालेल, शेजाऱ्याला चालेल, त्यांना नाही. ते मला काही दिवस इथं ठेवून घेणार होते. क्विनीनशिवाय कण वाढले तर सुईची गरज नाही. "आणि ते वाढले नाहीत तर मला फार आश्चर्य वाटेल," ते म्हणाले. नर्सला त्यांनी खूण केली. तिनं फडक्यासकट ताट उचलून नेलं. मला हसू आलं की रडू, आज सांगता येत नाही. "हे देतं कोण तुला?" डॉक्टरांनी विचारलं. "माय मदर," मी म्हटलं.

एवढा एक शब्द आईला कळत होता. ती खुर्चीच्या टोकावर सरकली. "माह्यं काय म्हणून राह्यली तू त्याले? खरं सांग. आता मले काही चोरू नोको."

"रक्त चांगलं आहे माझं, आई. मोठा रोग नाही. बरं होणार म्हणतात, अगदी बरं."

तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. खांदे हलत होते, आवाज नव्हता. नर्सनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, इथंच थांबावं. डॉक्टर मराठी बोलत नव्हते. घरी गेल्यावर शनिवारी मी घोट मोरीत ओतू शकले असते. पण तिनं हात खाली केले, डोळे पुसले आणि विचारलं, "मंग ते डाग कायचे?"

"मला कोयनेल सोसत नाही, आई. त्यानं होतं ते. कुणाकुणाला सोसत नाही म्हणतात. आपल्याला काय ठाऊक असणार."

तिची नजर माझ्या हातावर होती. मी पाहत होते की ती मागं मागं जात होती, बुधवारपर्यंत, माझ्या सुट्टीतल्या पहिल्या उन्हाळ्यापर्यंत, एकेक घोट मोजत. आणि मग त्याच्याही मागं गेली, जिथं मी तिला नेलं नव्हतं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बाळू. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे, मला ते चाचीकडून कळलेलं. दोन वर्षांचा असताना त्याला थंडीताप आला. घरात सरकारी कोयनेलची पुडी होती. तेव्हाच्या थोरल्या माणसांनी सांगितलं, ते उष्ण असतं, लेकराला सोसायचं नाही, अंगारा लावा. आई तेव्हा अठरा वर्षांची होती, त्या तपासणीच्या खोलीत बसलेल्या माझ्याएवढीच. तिनं ऐकलं. बाळू गेला, आणि पुडी फळीवर तशीच राहिली.

"विमल," ती म्हणाली, "त्याले एक इचार. म्हणावं, एक लेकरू होतं. दोन वर्साचं. थंडीतापात गेलं. त्याले येळेवर कोयनेल पाजलं असतं, तं वाचलं असतं का?"

मी विचारलं. त्या खोलीत मी बोललेल्या सगळ्या इंग्रजीत ते वाक्य सर्वांत कठीण होतं, आणि त्यात एकही कठीण शब्द नव्हता. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यांना समजलं असावं की हे लेकरू कुणाचं. ते म्हणाले, "ती काय ऐकू इच्छिते?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, डॉक्टर. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा." त्यांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, कदाचित वाचलं असतं. पण क्विनीन वेळेवर देऊनही गेलेली लेकरं त्यांनी पाहिली होती, आणि नुसत्या पाण्यावर वाचलेलीही. त्या लेकराचं काय झालं असतं, हे त्यांना सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही, एकही वगळला नाही.

आईनं ऐकून घेतलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. डॉक्टरांकडं पाहिलं, त्यांच्या चष्म्याकडं, भिंतीवरच्या इंग्रजी सनदांकडं, पुन्हा त्यांच्याकडं.

"म्हणजे यालेही ठावं नाही," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, अगदी हळू, "एवढ्या शिकलेल्या माणसाले ठावं नाही. मंग मले कुठून ठावं असन?"

तिनं मला नाही विचारलं ते, आणि डॉक्टरांनाही नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. ती उठली, त्यांना हात जोडले आणि दार उघडून बाहेर गेली. बाकावर बाबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तिला पाहून ते घाईनं उभे राहिले. टोपी खाली पडली. ती उचलून त्यांच्या हातात देत आई म्हणाली, "रक्त चांगलं हाय पोरीचं."